बावड्याची वाट

कोल्हापूरला येणाऱ्या प्रवाशाचा कार्यक्रम ठरलेला असतो. अंबाबाईचे दर्शन, रंकाळ्याची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी पन्हाळा आणि वेळ उरला तर १८८४ साली बांधून झालेला नवा राजवाडा. तेथील शस्त्रे आणि पेंढा भरलेले वाघ पाहून गाड्या मागे वळतात. त्याच बाजूला, तेथून फारसे दूर नसलेल्या कसबा बावड्याकडे जाण्याची गरज फार थोड्यांना वाटते. वस्तुतः आधुनिक महाराष्ट्राच्या जडणघडणीचा एक महत्त्वाचा धागा याच गावातून निघाला आहे.

बावड्यातील लक्ष्मीविलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ मध्ये दत्तक जाऊन ते शाहू छत्रपती झाले. या वास्तूचे मोल तिच्या कमानींत नाही. तेथे जन्मलेल्या माणसाने पुढे काढलेल्या हुकुमांत आहे. २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या गेल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत याच राजाने तरुण आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले.

बावड्याचा दुसरा ठेवा पंचगंगेवर आहे. राजाराम बंधारा हा सौंदर्यस्थळ म्हणून कोणी दाखवीत नाही. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याच्याएवढी पाहण्याजोगी गोष्ट विरळा. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा सरल्यावर बरगे घालायचे, पाणी अडवायचे आणि पुढचा पावसाळा येण्याआधी ते काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची, ही साधी युक्ती देशभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून ओळखली जाते. पावसाळ्यात सारा जिल्हा याच बंधाऱ्याकडे कान लावून असतो. पाणी ३९ फुटांवर आले की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ही दुसरी रेषाही नदीने कितीतरी मागे टाकली. निसर्गदर्शन म्हणजे केवळ धबधबे आणि सूर्यास्त नव्हे; नदी आणि माणूस यांचा हा करार कसा पाळला जातो व कसा मोडतो, हे समजून घेणे हेही निसर्गदर्शनच आहे.

‘बावड्यात पाहण्यासारखे आहे तरी काय?’ असा आक्षेप घेतला जाईल. डोळे दिपवणारे काही नाही, हे मान्यच करावे लागेल. परंतु काय पाहण्यासारखे हे ठरवतो कोण? देवळे, किल्ले आणि दरबार एवढाच इतिहास दाखवला, की बंधारा बांधणारे, शेत पिकवणारे आणि शाळेची पायरी पहिल्यांदा चढणारे लोक इतिहासाबाहेर राहतात. पर्यटनाचा नकाशा हाही एक प्रकारचा सत्तेचा नकाशा असतो.

आणि बावड्याला गेलेल्याने गावाच्या हद्दीतील राजाराम सहकारी साखर कारखान्याची चिमणीही पाहावी. गळिताच्या हंगामात कोल्हापूरच्या शिवारात मराठवाड्यातून ऊसतोडणी मजुरांची कुटुंबे येतात. त्यांच्यातील अनेक मुलांची शाळा तेवढे महिने सुटते. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करणाऱ्याच्या जन्मगावाभोवतीच्या फडांत हे दिसत असेल, तर दरवर्षी २६ जूनला घातल्या जाणाऱ्या हारांचा अर्थ काय, हा प्रश्न प्रवाशाच्या मनात उठलाच पाहिजे. तो उठवणे हेच अशा स्थळांचे काम.

म्हणून शाळांच्या सहली पन्हाळ्याबरोबर बावड्यालाही न्याव्यात. जन्मस्थळी १९०२ ची आज्ञा आणि १९१७ चा कायदा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. बंधाऱ्यावर बरगे हाताळणाऱ्या माणसाकडून नदीची कहाणी ऐकवावी. आणि जमल्यास पुढे माणगावपर्यंत जावे. यासाठी कोट्यवधींच्या योजनेची आवश्यकता नाही, एक एस.टी., एक जाणता शिक्षक आणि एक दिवस पुरेसा आहे. वाड्यातील वाघ मुले विसरतील. आपल्या आजोबांना शाळेचे दार कोणी उघडून दिले, हे विसरणार नाहीत.