विहिरीतला चार आणे हिस्सा

जुनी खरेदीखते आणि वाटणीपत्रे वाचणे हा बँकेच्या नोकरीतला सर्वांत कंटाळवाणा भाग समजला जातो. मला मात्र त्यात गोडी वाटे. शेत गहाण ठेवायला आलेल्या माणसाच्या कागदांत कुठेतरी विहिरीतल्या हिश्श्याची ओळ सापडायची. कोणाचा चार आणे, कोणाचा आठ आणे, आणि त्याप्रमाणे पाण्याची पाळी. आणे गेले, मोटा गेल्या, तरी कागदावर हिस्सा टिकून होता. भावाभावांत जमीन वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या, तरी पाणी वेगळे होत नाही, फार तर त्याच्या पाळ्या लावता येतात, ही समज त्या ओळीत होती. पाळी चुकवली म्हणून डोकी फुटत, पिढ्यान् पिढ्या दावे चालत. पण पाणी सामाईक आहे हे दोन्ही पक्षांना मान्य असायचे, म्हणून तर भांडण व्हायचे.

बोअर आली आणि ही ओळ कागदांतून नाहीशी झाली. विहिरीत डोकावून पाणी किती उरले ते पोरालाही सांगता येते. सहा इंचांच्या भोकात काय दिसणार? शेजाऱ्याची विहीर आटली, तर ती माझ्या बोअरमुळे आटली हे तो सिद्ध करू शकत नाही आणि मी मान्य करत नाही. भांडण मिटले. पाणीही संपले.

आपला कायदा या बाबतीत बोअरवाल्याच्या बाजूचा. इंग्रजांनी १८८२ साली केलेल्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीतले, जमिनीखालून वाट फुटेल तसे झिरपणारे पाणी काढून घेण्याचा हक्क मान्य केला. जमीन ज्याची, पाणी त्याचे. ज्याला जमीन नाही, त्याचे पाणीही नाही. एवढा मोठा निवाडा एका ओळीत झाला आणि त्यावर आपल्याकडे शंभर वर्षे फारशी चर्चाही झाली नाही.

त्यात आपली जमीन अशी. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा आहे. गंगेच्या खोऱ्यासारखा शेकडो फूट गाळ इथे नाही. वरचा मुरुमाचा थर आणि खडकातल्या भेगा, एवढीच आपली साठवण. पावसाळ्यात ती भरते आणि उपसा बेताचा असेल तर उन्हाळ्यापर्यंत पुरते. दोनशे फुटांखाली सहाशे-सातशे फुटांवर जे पाणी लागते, ते फार सावकाश मुरत गेलेले असते. ते एकदा उपसले की पुढच्या पावसाने भरून येईलच असे नाही. ठेवीचे व्याज खाऊन राहणारा माणूस आणि मुद्दल मोडून खाणारा माणूस यांतला फरक बँकेतल्या शिपायालाही कळतो. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून येणाऱ्या बोअरच्या गाड्या गावोगाव रात्रभर धडधडतात, तेव्हा मुद्दल मोडणे चालू असते.

बोअर घेणारा शेतकरी मूर्ख नसतो आणि हावरटही नसतो. त्याने लावलेली मोसंबी डोळ्यांदेखत वाळत असते. बाग वाचली तर कर्ज फिटणार आहे. त्याचा हिशेब एकट्यापुरता अगदी बरोबर असतो. बँकेच्या अर्जात त्याची जमीन, पीक, अपेक्षित उत्पन्न, हप्ता, सगळे असते. पुनर्वित्ताच्या अटींत दोन विहिरींमध्ये अमुक अंतर हवे असेही असते. पण दागिने मोडून किंवा सावकाराची उचल घेऊन बोअर मारणाऱ्याला ती अट कशी लागू व्हावी? अशा रीतीने शंभर शेतकऱ्यांचे शंभर बरोबर हिशेब एकत्र केले की गावाचा हिशेब चुकतो.

१९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने सामाईक कुरणाची गोष्ट सांगितली, ती हीच. प्रत्येक गुराखी एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरण उजाड होते. हार्डिनच्या मते सुटका दोनच मार्गांनी : सरकारी अंकुश किंवा खासगी मालकी. हा निबंध जगभर गाजला. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी मात्र प्रत्यक्ष जाऊन पाहिले. त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध भूजलावरच होता. लॉस एंजेलिसजवळच्या किनारपट्टीत भरमसाट उपशाने समुद्राचे खारे पाणी जमिनीखाली शिरू लागले, तेव्हा उपसा करणारेच एकत्र बसले, न्यायालयाच्या साक्षीने प्रत्येकाचा वाटा ठरवून घेतला आणि उपसा उतरवला. हार्डिनचे कुरण हे सामाईक नसून बेवारशी होते, हे ऑस्ट्रॉम यांनी दाखवले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

त्या धुळ्याला आल्या असत्या तर त्यांना आणखी एक पुरावा मिळाला असता. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एका वेळी एकच पीक. यंदा या फडात ऊस, तर पुढे तो दुसऱ्या फडात. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी, त्यामुळे उसाचा लाभ सर्वांना आणि कोरडवाहूचा तोटाही सर्वांना. पाणी कमी असेल त्या साली एखादा फडच पडीक ठेवायचा. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी, आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांकडून धान्यात. वरच्या अंगाला धरणे झाली, उसाचा मोह वाढला, आणि फड मोडकळीला आले. पण या पद्धतीतला एक मुद्दा आजही कोणी खोडू शकलेले नाही : कोणी किती पाणी घ्यावे हे ठरवायचे तर आधी कोणी काय पेरावे हे ठरवावे लागते. बोअरवर पहारा बसवता येत नाही, पण शेतात उभा असलेला ऊस कोणाला लपवता येईल?

आपल्या सर्व योजना नेमक्या याच ठिकाणी अवघडतात. जलयुक्त शिवार २०१४ च्या अखेरीस सुरू झाले, नाले खोल झाले. २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत गावेच्या गावे कुदळ-फावडे घेऊन उतरली. त्या श्रमदानाची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. पण खात्यात भरणा करताना सगळे एकत्र असतात आणि पैसे काढताना प्रत्येक जण एकटा असतो. चर खणायला आलेला माणूसच घरी जाऊन नव्या पाण्याच्या भरवशावर ऊस लावतो.

शेततळ्याचेच पाहा. मूळ कल्पना साधी : शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी खड्ड्यात अडवावे. झाले असे की बागायती भागांत मोठमोठ्या तळ्यांना प्लास्टिकचा कागद अंथरला गेला आणि विहिरी-बोअरचे पाणी उपसून ती भरली जाऊ लागली. जमिनीखाली सर्वांचे असलेले पाणी वर आणले, तारेच्या कुंपणात कोंडले, उन्हात वाफ होण्यासाठी उघडे ठेवले, आणि हे सगळे अनुदानात! ज्याच्याकडे तळे बांधण्याइतकी जमीन आणि पैसा, त्याने उन्हाळ्याचे पाणी आश्विनातच उचलून नेले. ज्याच्याकडे नाही, त्याची विहीर संक्रांतीला कोरडी. त्यातच साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून वीज फुकट झाली, आणि सौरपंपाला तर बिलच नाही. शेतकऱ्याला विजेचे ओझे नको हे मान्यच. पण उपशाला आता पैशाचा लगाम उरलेला नाही, हेही तितकेच खरे.

कायदा नाही असे नाही. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर खोदायला मनाई केली. त्या अंतरात किती बोअर आहेत, ते आपापल्या गावात मोजून पाहावे. २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये लागू झाला. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे, पाणलोटवार समित्या आहेत, पीक नियोजनही आहे. तरी एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. मुंबईहून कोणी अधिकारी येऊन लाखो बोअरची खोली मोजेल, ही कल्पना कादंबरीतसुद्धा खपणार नाही.

ज्यांनी हे साधले, त्यांनी हिशेब चव्हाट्यावर मांडला. हिवरे बाजारला पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पाणलोटाची कामे झाली, तशी गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस आणि केळीला नकार दिला. दरवर्षी पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसे आणि जनावरे, मग पिके. पाऊस कमी असेल त्या साली रब्बीवर कात्री, आणि ती सर्वांना.

अर्थात हिवरे बाजारचे नाव घेतले की लोक म्हणतात, तिथे पोपटराव होते, आमच्याकडे कोण? प्रश्न रास्त आहे. आमच्या ग्रामसभेत सर्वांत मोठा आवाज ज्याचा, त्याचाच ऊस सर्वांत जास्त, आणि कारखान्यावर संचालकही तोच. भूमिहीन बाई पाण्यासाठी मैलभर चालते, पण तिला या बाबतीत बोलायचा हक्क आहे असे तिलाही वाटत नाही.

विलासराव साळुंखे यांचे मोठेपण इथे आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर या अभियंत्याने पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली आणि पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी दिले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, पाच जणांच्या कुटुंबाला अडीच एकरांचे, मग जमीन पन्नास एकर असो. भूमिहीनालाही वाटा. पाणी जमिनीबरोबर विकता येणार नाही. ऊस नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा. १८८२ च्या त्या एका ओळीला या देशात मिळालेले हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे, आणि ते न्यायालयाने दिलेले नाही, विधिमंडळानेही नाही. साळुंखे २००२ मध्ये गेले. पाणी पंचायतीचे कौतुक सर्वांनी केले; माणशी पाण्याचे तत्त्व मात्र सरकारने उचलले नाही, कारण ते उचलले तर ऊस पिकवणाऱ्या पट्ट्यात निवडणूक लढवणे कठीण.

निदान एवढे तरी व्हावे. नव्या बोअरसाठी कर्ज, शेततळ्याचे अनुदान, पंपाची नवी जोडणी यांपैकी काहीही देण्यापूर्वी त्या गावाचा पाण्याचा ताळेबंद अर्जाला जोडलेला असावा, आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवलेला असावा. ताळेबंद तुटीचा असेल तर कर्ज नाही. तुटीतल्या धंद्याला आपण कर्ज देत नाही, मग तुटीतल्या शिवाराला का द्यावे? पाचशे फुटांची बोअर कोरडी निघाली तरी हप्ता सुटत नाही, त्यामुळे यात शेतकऱ्याचेही हितच आहे. विहिरींची पातळी दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावी. त्याला दोरी, टेप आणि शाळेतली दोन मुले पुरतात. आणि ही ग्रामसभा दसरा-दिवाळीच्या दरम्यान, रब्बीची पेरणी होण्यापूर्वीच बसली पाहिजे. गहू वीतभर वर आल्यावर सभा भरवून उपयोग नाही.