सर्वोच्च पदाचा प्रभार

शासकीय सेवेत तीन तपे काढली, की एक सवय अंगी मुरते. कुणी रजेवर निघाला, बदलून गेला अथवा निवर्तला, तरी मनात पहिला प्रश्न उठतो तो ‘चार्ज कुणाकडे?’ हाच. ऐकायला हे निष्ठुर वाटेल. पण तहसिलीची तिजोरी सुतक पाळीत नाही. म्हणूनच २१ जुलै २०२५ रोजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी राजीनामा दिल्यावर आमची मित्रमंडळी त्यामागील कारणांचा काथ्याकूट करीत असता आम्ही मात्र राज्यघटनेची प्रत उघडून बसलो. “आता राष्ट्रपतींचे पद अकस्मात रिकामे झाले तर?” या आमच्या प्रश्नावर एक ज्येष्ठ स्नेही हसून म्हणाले, “अहो, ते शोभेचे पद. चार दिवस रिकामे राहिले तर कुणाचे अडणार आहे?” त्या हसण्याला हे आमचे उत्तर.

रिकाम्या गादीने कुणाचे अडते, हा प्रश्न निदान ग्वाल्हेरकराने तरी विचारू नये. १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. ताराबाईसाहेबांनी मांडीवर घेतलेले जयाजीराव अजाण वयाचे. त्यांच्या नावाने कारभार कुणी पाहावा यावरून दरबारात तट पडले, इंग्रजांना हस्तक्षेपाचे निमित्त मिळाले आणि त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला महाराजपूर व पनियार अशा दोन लढाया एकाच दिवशी हरून शिंदेशाहीला इंग्रजांच्या अटी मान्य कराव्या लागल्या. पुढे सातारा, नागपूर, झाशी येथे काय घडले ते आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. वारसाचा नियम संदिग्ध असला, की त्याचा अर्थ जबरदस्त लावतो.

आपल्या घटनाकारांना याची जाणीव होती. राष्ट्रपतिपद मृत्यूने, राजीनाम्याने वा महाभियोगाने रिक्त झाल्यास उपराष्ट्रपतींनी ते सांभाळावे, सहा महिन्यांच्या आत निवडणूक व्हावी आणि निवडून आलेल्याला पूर्ण पाच वर्षे मिळावीत, अशी बासष्ट व पासष्टाव्या अनुच्छेदांची स्वच्छ तरतूद आहे. अमेरिकेत उपाध्यक्षच उरलेली सारी मुदत अध्यक्ष म्हणून भोगतो. त्यापेक्षा आपली रीत आम्हाला सरस वाटते. १९६९ व १९७७ असे दोनदा राष्ट्रपतींचे निधन झाले आणि दोन्ही वेळा उपराष्ट्रपतींनी तत्काळ सूत्रे हाती घेतली.

परंतु उपराष्ट्रपतीही नसतील तर? येथे घटना हात झटकते. अनुच्छेद सत्तर एवढेच म्हणतो, की अन्य प्रसंगांसाठी संसदेने योग्य वाटेल ती तरतूद करावी. संसदेने एकोणीस वर्षे ती केली नाही. ३ मे १९६९ रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले, व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले आणि त्यांच्या पाठीमागे कुणीच नाही हे मग ध्यानी आले. २८ मे रोजी कायदा झाला : दोन्ही पदे रिक्त असतील तर भारताच्या सरन्यायाधीशांनी, ते नसतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीशांनी, राष्ट्रपतींची कार्ये पार पाडावीत. आमचा विरोध आहे तो या कायद्याला.

त्याच्या उपयोगाचा प्रसंग दोन महिन्यांतच आला. गिरींना स्वतःच निवडणूक लढवायची होती. २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला. (उपराष्ट्रपतींनी राजीनामा राष्ट्रपतींना उद्देशून द्यावा, असे घटना सांगते, आणि राष्ट्रपतींचे काम तर तेच पाहत होते! आमच्या खात्यात असा कागद आला असता, तर बाबूंनी त्यावर निदान तीन टिपण्या लिहिल्या असत्या.) सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी सूत्रे घेतली, ती २४ ऑगस्टपर्यंत सांभाळली, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन भारतात आले तेही याच काळात. हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, पुढे आमच्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले. माणसाविषयी आमची तक्रार तिळमात्र नाही. तक्रार आहे ती त्यांना कराव्या लागलेल्या सहीविषयी.

९ ऑगस्ट १९६९ रोजी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला संमती दिली गेली ती त्यांच्या सहीने. त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. अकरा न्यायाधीशांचे पीठ बसले. त्यात देशाचे सरन्यायाधीश नव्हते. स्वतः संमती दिलेल्या कायद्याचा निवाडा करायला ते बसणार तरी कसे? १० फेब्रुवारी १९७० रोजी दहा विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द ठरला. पस्तीस दिवसांच्या प्रभाराची किंमत म्हणून एका मोठ्या घटनात्मक खटल्यात न्यायालय आपल्या प्रमुखावाचून बसले.

१९७७ चे उदाहरण आमच्या अधिक जवळचे. फेब्रुवारीत फक्रुद्दीन अली अहमद वारले आणि बी. डी. जत्ती कार्यवाहक झाले. नव्या केंद्र सरकारने नऊ विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला, त्यांत आमच्या मध्य प्रदेशाचीही होती. जत्तींनी सही करायला आढेवेढे घेतले, अखेर एप्रिल संपता संपता केली. आम्ही तेव्हा महाविद्यालयात होतो आणि वर्तमानपत्र आले की पहिले पान कुणी वाचायचे यावर घरात भांडणे होत. हेच प्रकरण त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयापुढे होते आणि पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश बेग. समजा, त्या वेळी उपराष्ट्रपतिपद रिक्त असते, तर सल्ला कुणाकडे गेला असता? बेग यांच्याचकडे!

आता अगदी अलीकडचे पाहू. धनखडांचा राजीनामा ते सी. पी. राधाकृष्णन यांचा १२ सप्टेंबर २०२५ रोजीचा शपथविधी, असे सुमारे साडेसात आठवडे राष्ट्रपतींच्या पाठीशी उभे होते सरन्यायाधीश भूषण गवई. अमरावतीचा सुपुत्र राष्ट्राच्या पहिल्या खुर्चीपासून एका पायरीवर, याचा अभिमान आमच्या मित्रांनी जरूर बाळगावा. पण त्याच दिवसांत, १९ ऑगस्टपासून ११ सप्टेंबरपर्यंत, विधेयकांना संमती देण्याच्या कालमर्यादेविषयी राष्ट्रपतींनीच विचारलेल्या प्रश्नांची सुनावणी गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठापुढे चालू होती. दुर्दैवाने काही घडले असते, तर प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच ठरला असता!

यावर उत्तर येते, की न्यायाधीश निःपक्ष असतो, लोकसभेचा अध्यक्ष पक्षाचा असतो. आम्ही विचारतो, त्या निःपक्षपणाचा येथे उपयोग काय? बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे. सही करणारा कितीही निःस्पृह असला तरी सही तीच. फरक पडतो तो इतकाच, की न्यायाधीशाच्या सहीने न्यायालय गुंतते, लोकसभाध्यक्षाच्या सहीने गुंतत नाही. कार्यकारी सत्तेपासून न्यायसंस्था वेगळी ठेवावी, असे घटनेचा पन्नासावा अनुच्छेद सांगतो, तो शोभेसाठी नव्हे. त्रिशंकू लोकसभेत पंतप्रधान नेमताना अध्यक्षाचे पक्षप्रेम आड येऊ शकेल, हे आम्ही नाकारीत नाही. पण तो आक्षेप पक्षाच्या तिकिटावर निवडून येणाऱ्या उपराष्ट्रपतींनाही लागू पडतो. लोकसभा विसर्जित झाली तर काय, हा प्रश्नही फोल आहे : नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीपर्यंत अध्यक्ष पदावर राहतोच.

दुसरी उणीव मुदतीची. उपराष्ट्रपतिपद अवेळी रिक्त झाले, तर निवडणूक ‘शक्य तितक्या लवकर’ घ्यावी, एवढेच घटना म्हणते. या शब्दांचे वजन किती, हे ज्याला पाहायचे असेल त्याने लोकसभेच्या उपाध्यक्षपदाकडे पाहावे. तेथेही जवळपास याच अर्थाचे शब्द आहेत, आणि २०१९ ते २०२४ ही सतराव्या लोकसभेची संपूर्ण मुदत उपाध्यक्षाविना गेली. २०२५ मध्ये आठवड्यांत काम झाले, ते सरकारच्या मर्जीने.

पहिल्या दुरुस्तीला घटनेला हात लावावा लागत नाही. १९६९ च्या कायद्यात ‘सरन्यायाधीश’ या शब्दाच्या जागी ‘लोकसभेचे अध्यक्ष, व त्यांच्या अभावी राज्यसभेचे उपसभापती’ असे शब्द घातले की पुरे. साध्या बहुमताचे काम आहे. मुदतीसाठी मात्र अनुच्छेद अडुसष्टमध्ये ‘साठ दिवसांच्या आत’ असे लिहावे लागेल. या आशयाचे एकपानी निवेदन आम्ही आपल्या खासदारांसाठी तयार केले असून ते वाचनालयात ग्रंथपालांच्या मेजावर ठेवले आहे. आमच्या हसऱ्या स्नेह्यांनी ते दोनदा वाचले; सही अद्याप केलेली नाही.