जमाखर्च : हप्त्याची गाडी की हायब्रिड सायकल?

आमच्या कार्यालयात नव्याने लागलेल्या एका तरुण सहकाऱ्याने परवा जेवणाच्या सुट्टीत आम्हाला विचारले, "दादा, तुमची ती हायब्रिड सायकल घेण्यासारखी आहे का? खरं खरं सांगा." प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका शब्दात देता येत नाही. ती सायकल आम्ही वर्षाहून अधिक काळ चालवतो आहोत. वाणिज्य शाखेचे पदवीधर म्हणून म्हणा किंवा कारकुनीची सवय म्हणून म्हणा, पहिल्या वर्षाचा पै-पैचा हिशेब आम्ही वहीत टिपून ठेवला आहे. आज ती वहीच वाचक बंधू-भगिनींपुढे उघडतो.

गोष्ट २०२४ च्या ऑक्टोबरातली. आमच्या घरी एकच स्कूटर. आमच्या सहचारिणी परिचारिका आहेत. त्यांची बदली दूरच्या विभागात झाली आणि रात्रपाळी सुरू झाली. रात्रपाळीला जाणाऱ्या बाईला हक्काचे वाहन हवे, यात वादच नव्हता. स्कूटर त्यांच्याकडे गेली. आमचे कार्यालय इंदोऱ्याहून सिव्हिल लाइन्सला, जवळपास पाच किलोमीटर. येऊन-जाऊन दहा. आता आम्ही कशाने जायचे?

सगळ्यांनी एकच सल्ला दिला, दुसरी स्कूटर घ्या. दुकानात जाऊन आलो. रस्त्यावर येईपर्यंत लाखभर रुपये. वीस हजार रोख भरायचे, ऐंशी हजारांचे कर्ज, महिन्याला २,६०० रुपयांचा हप्ता, छत्तीस महिने. मुलगी तेव्हा बारावीला होती. पुढच्या जूनमध्ये तिच्या प्रवेशाचा खर्च दारात उभा राहणार, हे दिसत होते. रात्री वही घेऊन बसलो, तर हप्ता आणि मुलीचे शिक्षण एकाच पानावर मावेनात. तेव्हा सायकलीचा विचार मनात आला.

हायब्रिड म्हणजे काय, हे आधी सांगतो, कारण दुकानदार हे नाव कशालाही लावतो. शर्यतीच्या सायकलीचे चाक मोठे आणि टायर अगदी बारीक असतो. डोंगरी सायकलीचा टायर जाड, गुठळ्यांचा. हायब्रिड या दोहोंच्या मधली. चाक मोठे, टायर साधारण ३५ ते ४० मिलिमीटर रुंद, हँडल सरळ, बसणे बरेचसे ताठ. वडिलांच्या काळची काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरत असे. ही चौदा ते सोळा किलोंची असते. तो फरक पहिल्या चढावरच पायांना कळतो.

स्वस्त सायकल घेताना पैसा कुठे टाकावा आणि कुठे टाकू नये, हे आम्ही थोडे वाचून, थोडे ठेच खाऊन शिकलो. पुढे स्प्रिंगचा काटा असलेली सायकल दिसायला भारदस्त दिसते, पण या किमतीतला तो काटा वजन वाढवतो आणि पायाचा जोर खातो. डांबरी रस्त्याला साधा, सरळ काटाच बरा. एकवीस गिअरचेही अप्रूप नको. पुढे तीन आणि मागे सात मिळून एकवीस होतात खरे, पण त्यांतले बरेच एकमेकांसारखेच पडतात. नागपूरसारख्या सपाट शहरात मागचे सात गिअर पुष्कळ झाले. पुढचे गिअर जितके कमी, तितकी बिघाडाची जागा कमी. ब्रेक साधे रिमवर धरणारे असले तरी चालतात, मात्र रिम अ‍ॅल्युमिनियमची हवी. लोखंडी चकचकीत रिमवर पावसात ब्रेक घसरतो.

आता ठेच सांगतो. सायकल १३,५०० रुपयांना मिळाली. घरी आणली आणि पाहतो तो मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही, दिवा नाही. घंटी तेवढी होती. कागदांची पिशवी आणि डबा काय डोक्यावर घेऊन जायचे? मग मडगार्ड ४५०, स्टँड ३५०, कॅरिअर ७५०, पुढचा-मागचा दिवा ६०० आणि चांगले कुलूप ८००. असे २,९५० रुपये वरून गेले. खरी किंमत झाली १६,४५०. म्हणून घेणाऱ्याने दुकानातच खाली वाकून पाहावे, मागच्या चाकाजवळ कॅरिअर-मडगार्ड बसवायची नटांची भोके आहेत का. ती नसतील, तर ती सायकल फिरायची आहे, कामावर जायची नव्हे.

दुसरी ठेच टायरची. जुन्या काळ्या सायकलीचे चाक अठ्ठावीस इंची, आणि हायब्रिडच्या चाकालाही पुष्कळजण अठ्ठावीस इंचीच म्हणतात. आम्हाला वाटले, टायर-ट्यूब कुठेही मिळेल. पण टायर रिमवर जिथे बसतो, तिथला जुन्या चाकाचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि हायब्रिडचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. वॉल्व्हही वेगळा, मोटरसायकलीसारखा. हवा पेट्रोल पंपावर भरता येते, हा त्याचा फायदा. पण वॉल्व्हपाशी ट्यूब फाटली, तेव्हा चौकातल्या मिस्त्रीभाऊंनी हात जोडले. "साहेब, या मापाची ट्यूब आपल्याकडे नाही ना!" त्या दिवशी सायकल ढकलत घरी आणली. तेव्हापासून एक ट्यूब आम्ही पिशवीतच ठेवतो. टायरच्या कडेवर हवेचा दाब छापलेला असतो. आठवड्यातून एकदा तेवढी हवा भरली की पंक्चरे निम्म्याने कमी होतात, हा आमचा अनुभव.

सीटच्या उंचीचेही सांगून टाकतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी. पायडल खाली असताना पाय सरळ झाला, म्हणजे उंची बरोबर. मग पंजाने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे बहुतेकजण सीट खाली घेऊन चालवतात आणि गुडघे दुखले की सायकलीला दोष देतात.

आता मुख्य हिशेब. पहिल्या वर्षी कामाचे सुमारे २८० दिवस होते. त्यांतले १९० दिवस आम्ही सायकलने गेलो. बाकीचे दिवस मे महिन्याच्या उन्हाने आणि जुलैच्या पावसाने नेले. तेव्हा बस किंवा मेट्रो. १९० दिवसांचे १,९०० किलोमीटर झाले. स्कूटर लिटरला चाळीस किलोमीटर देते असे धरले, तर साडेसत्तेचाळीस लिटर पेट्रोल वाचले. लिटरचे १०४ रुपये धरून ४,९४० रुपये. सायकलीला वर्षभरात दोन ट्यूबा, ब्रेकचे रबर आणि मिस्त्रीची मजुरी मिळून १,१०० रुपये लागले. निव्वळ बचत ३,८४०.

हे आकडे नीट पाहा. घरातली गाडी तशीच ठेवून, 'पेट्रोल वाचेल' एवढ्याच आशेने जो सायकल घेईल, त्याचे १६,४५० रुपये निघायला चार वर्षांहून अधिक काळ लागेल. तोपर्यंत सायकलीचा घसारा होईल तो वेगळाच. म्हणून पेट्रोलच्या नावाखाली कुणी सायकल विकत असेल, तर तो अर्धेच सांगतो आहे.

पण तीच सायकल जर घरातली दुसरी गाडी टाळत असेल, तर हिशेब पार बदलतो. साडेसहा हप्त्यांपेक्षाही कमी पैशांत सायकल आली. पहिल्या वर्षी गाडीपोटी वीस हजार रोख आणि बारा हप्त्यांचे ३१,२०० असे ५१,२०० रुपये गेले असते. त्यातून सायकल आणि तिची दुरुस्ती वजा केली, तरी ३३,६५० रुपये घरात राहिले. पेट्रोलच्या पैशांत बस-मेट्रोची तिकिटे भागली. जूनमध्ये मुलीला शिकायला बाहेरगावी वसतिगृहात ठेवले, तेव्हा पहिली फी भरायला आम्हाला कुणाच्या दारात उभे राहावे लागले नाही. हा आमच्या वहीतला सर्वांत मोठा आकडा.

ज्यांनी आता घ्यायची आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लहान स्कूटरवरचाही २८ वरून १८ वर आला, हेही सांगायला हवे. दोन्हींच्या किमती नव्याने विचारून मगच पेन हातात घ्यावे.

कुणी घेऊ नये, तेही सांगतो. ज्यांचे कामाचे ठिकाण दहा-बारा किलोमीटरच्या पलीकडे आहे, ज्यांना रोज मागे कुणाला बसवून न्यायचे आहे, ज्यांच्याकडे रात्री सायकल आत ठेवायला जागा नाही, त्यांनी घेऊ नये. ज्यांना गॅस सिलिंडर आणि पिठाच्या गोण्या वाहायच्या आहेत, त्यांना जुनी काळी सायकलच बरी. तिचे सामान कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. तीन ते आठ किलोमीटर जाणाऱ्यांनी मात्र जरूर विचार करावा. आम्हाला पाच किलोमीटरला वीस-बावीस मिनिटे लागतात. स्कूटरने पंधरा लागत. कामठी रोडवर वरती पूल आणि मेट्रो झाल्यापासून बराच रस्ता सावलीत कटतो. कार्यालयात एक सदरा जास्तीचा ठेवला आहे.

राहिला प्रश्न लोकांचा. सायकल आणली त्याच आठवड्यात वाचनालयासमोर वस्तीतल्या एका ज्येष्ठांनी आम्हाला अडवले. आमच्या वडिलांबरोबर ते एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. म्हणाले, "बापानं मिलपर्यंत सायकल हाणली, म्हणून तू खुर्चीवर बसला न बाबू. अन् आता तूच सायकलवर? त्याला काय वाटलं असतं?"

आम्ही त्यांना लगेच उत्तर देऊ शकलो नाही. ते शब्द बरेच दिवस मनात रुतून राहिले. वडिलांची सायकल आम्हाला आठवते. पहाटे पहिल्या पाळीला निघताना ते तिची चेन फडक्याने पुसत. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. आमच्यापुढे होता, कर्ज मिळत होते, दुकानदार सही घ्यायला तयार होता. आम्ही विचार करून, घरात बसून, नको म्हटले. वडिलांनी आम्हाला वाणिज्य शाखेला घातले ते हिशेब कळावा म्हणून. लोकांच्या डोळ्यांसाठी हप्ते भरावेत म्हणून नव्हे. ते सायकलीवर गेले म्हणून आम्ही शिकलो. आम्ही सायकलीवर गेलो म्हणून आमची मुलगी शिकते आहे. यात मान खाली घालावी असे काय आहे?

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी आली होती. सकाळी पाहिले तर ती अंगणात बसून सायकलीची चेन पुसत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही तेल जास्त घालता, त्यानं धूळ धरते."

त्या तरुण सहकाऱ्याला आम्ही एवढेच म्हटले, आधी घरातले सगळे मिळून बसा, कुणाला कुठे आणि किती वाजता जायचे ते कागदावर मांडा. सायकलीचे उत्तर त्या कागदावर मिळेल. वाचकांनीही आपापल्या घरी तसा कागद मांडून पाहावा.