राज्यमातेच्या पोटात कुणाची पिशवी?

30 सप्टेंबर 2024 रोजी राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं. गोशाळांना गाईमागे दिवसाला 50 रुपये अनुदानही मंजूर झालं. या मातेच्या पोटात काय साचलंय, ते मात्र ढोरं सोलणाऱ्यांना आणि पशुवैद्यकांनाच ठाऊक.

गाय आधी गिळते, रवंथ नंतर करते. तिच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेली वस्तू तिला सहज थुंकता येत नाही. उष्टं अन्न गाठ मारून फेकलं की ती पिशवीसकट गिळते. पिशवी पचत नाही, पुढेही सरकत नाही. सुतळी, चिंध्या गुंडाळत तिचा गोळा होतो. शस्त्रक्रियेत एकेका जनावरातून तीस-तीस किलो प्लास्टिक निघालेलं आहे. तार किंवा खिळा असेल तर तो जाळीदार पोटात बसतो आणि पडदा भेदून हृदयाच्या आवरणात घुसतो. पोट टम्म, आणि गाय उपाशी मरते.

हा गोवध नव्हे काय? 2015 च्या कायद्याने बैल कापणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत कैद आहे. 2018 च्या प्लास्टिकबंदीत पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, आणि तोही कितीजणांकडून वसूल होतो ते बाजारात जाऊन बघा. गाईला नैवेद्यसुद्धा पिशवीत बांधूनच येतो! सुरीवाला गुन्हेगार, पिशवीवाला भक्त. 2016 साली उनामध्ये मेलेली गाय सोलणाऱ्या आमच्या तरुणांना गोरक्षकांनी गाडीला बांधून मारलं. कचराकुंडीपाशी उभा राहिलेला गोरक्षक आम्ही अजून पाहिलेला नाही.

आपल्यातले काही विचारतात, गाईचं दुखणं आपण कशाला मांडायचं? महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा म्हणून बजावलं, तो विषय संपला. आम्हाला हे पटत नाही. जी तार गाईच्या पोटात जाते, तीच कचरा वेचणाऱ्या आमच्या आयाबहिणींचा हात फाडते. काच, सुया, सडलेलं अन्न एकाच पिशवीत, आणि ती उघडायची कुणी, हे जातीने आधीच ठरवलेलं. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी टाकणाऱ्यावर घातली होती. गेटबंद सोसायट्या ती सरळ ठेकेदाराच्या कामगारावर ढकलतात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी नगरपालिकेत जाऊन लेखी विचारावं: आपल्या वॉर्डात न वेगळा केलेल्या कचऱ्यासाठी गेल्या वर्षी किती घरांना दंड झाला, आणि किती सफाई कामगारांना हातमोजे मिळाले?