गळ्यातला पट्टा

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून त्यांना रानात सोडतात. मुके जनावर आपला पत्ता सांगू शकत नाही. तो सांगणारा पट्टाच गेला, तर धन्याने शोधायचे कोठे? म्हणून धन्याला कुत्रा सापडू नये या हेतूने पट्टा काढणाऱ्यास तेथील कायद्याने 12 महिन्यांपर्यंत कैद, 2,500 डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यापायी कुत्रा हरवला वा मेला, तर त्याची खरी किंमतही भरून द्यावी लागते. (पाळलेल्या ससाण्यालाही हेच संरक्षण आहे!) आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो ‘हेतू’. मानेत रुतलेला पट्टा दयेपोटी सोडवणाऱ्या वाटसरूस या कलमाचे भय नाही.