दुखणं पोटात, पण कळतं डोक्यात

जळगाव ते धुळे एसटीनं जाताना मी खिडकीतून शेतं बघत नाही, संडास कुठे आहे ते बघतो. एरंडोलला कुठला बरा, पारोळ्याला कुठल्याला कडी आहे, हे मला चौदा वर्षांपासून पाठ आहे. ज्यांना आयबीएस आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांना हसू येईल, तर येऊ द्या.

सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, रक्त झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. घरचे म्हणाले, शेवभाजी बंद कर. मी शेवभाजी बंद केली, कळण्याच्या भाकरीसोबतचा ठेचाही सोडला. पोट काही ऐकेना. शेवटी तीन वर्षांपूर्वी एकाच्या सांगण्यावरून ॲक्युपंक्चर घेतलं. दहा वेळा गेलो आणि खरं सांगतो, बरं वाटलं. पूर्ण नाही, पण लग्नाच्या पंगतीत बसण्याइतकं.

आज लिहितोय ते त्याच्या पुढचं आहे. माझं बघून मी धुळ्याच्या मामांना सांगितलं, "मामा, तुम्ही पण सुया घ्या." मामा एकसष्ट वर्षांचे. "पोटमा गोया उठस रे भो," एवढीच त्यांची तक्रार. त्यांनी तिकडेच जवळचा एक सुईवाला गाठला. पुढे शौचातून रक्त जायला लागलं, तर तो म्हणाला, उष्णता बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे, गोळ्या बंद करा. असे सात महिने गेले. वजन उतरलं, चेहरा पांढराफटक पडला. मग नाशिकला नेऊन दुर्बीण केली, तर मोठ्या आतड्यात गाठ. ऑपरेशन झालं, आता किमो सुरू आहे. मामा मला काही बोलत नाहीत, पण मामींच्या नजरेला नजर द्यायला मला जड जातं.

म्हणून गेले काही महिने मी एकच प्रश्न धरून वाचतोय. सुईनं माझ्या पोटाला बरं वाटलं, ते नेमकं कशानं?

आधी पोटाचं बघू. आपल्या आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशी आहेत. तिथून व्हेगस नावाची नस थेट मेंदूपर्यंत जाते आणि तिच्यातली बहुतेक वाहतूक खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे असते. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिनही आतड्यातच तयार होतं. आयबीएसच्या पेशंटच्या गुदाशयात छोटा फुगा फुगवून चाचण्या केल्या गेल्या आहेत. ज्या दाबाला इतरांना नुसतं भरल्यासारखं वाटतं, त्याच दाबाला आयबीएसवाल्यांपैकी अनेकांना कळ येते. म्हणजे आतड्याला जखम नसते. आतड्यातून येणाऱ्या निरोपाचा आवाज वाढलेला असतो. रिपोर्ट नॉर्मल येतो तो खोटा नसतो, आणि दुखणंही खोटं नसतं.

आता सुई. चीनमधल्या चेंगदूच्या संशोधकांनी २०१२ साली अपचनाच्या ७२ पेशंटचे मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. काहींना खरी सुई, काहींना नावापुरती. पोटाच्या जाणिवा आणि वेदना हाताळणारे मेंदूतले भाग खऱ्या सुईच्या गटात जास्त शांत झालेले दिसले. २०२१ साली हार्वर्डच्या चमूनं उंदरांवर दाखवलं की मागच्या पायात गुडघ्याखाली ठराविक जागी सौम्य विजेची सुई दिली की व्हेगस नस जागी होते आणि अंगातला दाह कमी होतो. तेवढीच सौम्य सुई पोटावर दिली तर हा मार्ग चालू होत नाही. म्हणजे पोटासाठी गुडघ्याखाली का टोचतात, याला काहीतरी आधार आहे. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

मग पेशंटला फरक पडतो का? इथे गंमत आहे. बद्धकोष्ठतेसाठी चीनमधल्या १५ हॉस्पिटलांत १०७५ लोकांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०१६ ला आले. विजेच्या सुईनं शंभरातल्या ३१ जणांना ठरवलेला फायदा झाला, नावापुरत्या सुईनं १२ जणांना. हा फरक खरा आहे. पण माझ्या आजाराचं, आयबीएसचं, चित्र वेगळं. २०१२ ला १७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. खऱ्या सुईची नावापुरत्या सुईशी गाठ घातली तिथे खऱ्या सुईचं पारडं काही जड निघालं नाही.

आणि २००८ चा बोस्टनचा प्रयोग तर प्रत्येक डॉक्टरनं टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे. आयबीएसचे २६२ पेशंट. एका गटाला नुसतं थांबायला सांगितलं. दुसऱ्याला खोटी सुई दिली, जी कातडीत शिरतच नाही. तिसऱ्यालाही तीच खोटी सुई, पण देणाऱ्यानं आधी आपुलकीनं बसून सगळं ऐकून घेतलं. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असं सांगणारे किती? पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२.

हे वाचलं आणि मला माझी सुईची खोली आठवली. पंखा, शांतता, अर्धा तास कुणीतरी माझ्याच पोटाबद्दल विचारतंय. चौदा वर्षांत ओपीडीत मला एवढा वेळ कुणी दिला नव्हता. दोष एकट्या डॉक्टरचा नाही. बाहेर शंभरची रांग असेल तर तो तरी काय करणार? पण ज्याला आपण "मनाचे खेळ" म्हणतो तो मेंदूचाच उपचार आहे, हे मान्य करायला हवं. डोक्यातून आराम पडला म्हणजे फसवणूक झाली असं नाही.

फसवणूक कुठे सुरू होते, ते मामांनी दाखवलं. दुखण्याचा आवाज कमी करणारी गोष्ट गाठ विरघळवत नाही. उलट आवाज कमी झाला की गाठ लपते. म्हणूनच ज्या उपचारानं बरं वाटतं, त्याच्याआधी तपासणी जास्त गरजेची.

आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. केंद्रानंही २०१९ ला या पद्धतीला मान्यता दिली. पण "पोटाचे सर्व विकार सुईने बरे" असा बॅनर चौकात लागतो तेव्हा नोंदणी क्रमांक विचारतो कोण? मी नव्हता विचारला. मामांनीही नाही.

माझं म्हणणं एवढंच. एक, सुई घ्यायची तर घ्या, पण आधी नोंदणी क्रमांक विचारा, आणि सुई नवी, एकदाच वापरायची आहे ना ते बघा. दोन, शौचातून रक्त, काळा मळ, कारण नसताना उतरलेलं वजन, कमी झालेलं रक्त, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेला त्रास, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर आधी डॉक्टर आणि गरज पडली तर दुर्बीण. सुई नंतर. चालू गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडून सरळ उठून या. तीन, जळगावला आणि धुळ्याला, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. आठवड्यातून एक दुपार अशा "सगळं नॉर्मल" पेशंटसाठी ठेवा. पोटाचा डॉक्टर, मनाचा डॉक्टर आणि ऐकून घ्यायला वीस मिनिटं. यंत्रं नकोत, एक खोली पुरे. लोकप्रतिनिधींनी हे मागितलं तर अशक्य नाही.

मी सुई सोडणार का? नाही. पुढच्या महिन्यात परत जाणार आहे, या वेळी नोंदणी बघून. पण कुणाला "तू पण घे" असं म्हणायच्या आधी आता मी विचारतो, "तपासणी झाली का रे भाऊ?"

मामांना तेवढं विचारायचं राहून गेलं. तुमच्या घरात कुणी पोट धरून बसलं असेल तर आजच विचारा.