मराठी शास्त्राभ्यासाला मोबाइलमध्ये जागा हवी, त्यासाठी हात हवेत

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून संपूर्ण बायबल हिब्रू आणि ग्रीक मुळावरून मराठीत आणले. खेड्यातल्या साध्या बाईला ते वाचून समजावे, ही त्यांची तळमळ. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, १९२४ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. छपाईच्या कामाला मुक्तीतल्याच मुली आणि स्त्रिया होत्या.

आज त्या खेड्यातल्या बाईच्या हाती मोबाइल आहे. पण शास्त्राभ्यास करायला बसले, की टीका, शब्दकोश, संदर्भसूची बहुतेक इंग्रजीतच सापडतात. ज्या भाषेत आपण प्रार्थना करतो, त्या भाषेत अभ्यास का करता येऊ नये?

साधन तयार आहे. अँड्रॉइडवरचे ‘अँडबायबल’ हे ओपन सोर्स ॲप स्वयंसेवक चालवतात. त्यात जाहिराती नाहीत, आणि ग्रंथ एकदा उतरवून घेतले की रेंज नसलेल्या वाडीवस्तीवरही ते चालते. दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचता येतात, वचनाला स्वतःचे टिपण जोडता येते. त्याला ग्रंथ पुरवते ‘क्रॉसवायर बायबल सोसायटी’चा स्वोर्ड प्रकल्प, तोही स्वयंसेवकांचाच. परवाना असा, की कोणीही हे ॲप वापरावे, बदलावे, पुढे वाटावे. मराठीसाठी कोणाची परवानगी मागत बसण्याची गरज नाही. गरज आहे ती कामाला बसणाऱ्या माणसांची, आणि ती आत्ताच आहे.

पहिले काम भाषांतराचे. बटणे, सूचना, मदतीची पाने मराठीत आणायची. प्रत्येक नव्या आवृत्तीत नवी वाक्ये येतात आणि मागे राहिलेले इंग्रजीतच दिसते, म्हणून हे काम एकदाच करून संपत नाही. प्रोग्रामिंग येण्याची अट नाही. वाक्यात मध्येच टक्क्याची खूण दिसली तर ती जशीच्या तशी ठेवावी, तिच्या जागी ॲप आकडा किंवा नाव भरते. शिक्षक, निवृत्त बँक कर्मचारी, पदवीचे विद्यार्थी, ज्यांची मराठी चांगली आहे त्या सर्वांना हे जमेल.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे, कारण जुना कागद थांबत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. रमाबाईंचे बायबल मोकळे आहे, १९०६ साली वारलेल्या बाबा पदमनजींचे लेखनही मोकळे आहे. अहिल्यानगर, जालना, कोल्हापूर, वसईतल्या घरांत, मंडळ्यांच्या कपाटांत अशी पुस्तके असतील तर त्यांची पाने आधी नीट स्कॅन करा. कोणी मजकूर टाइप केलेला असेल तर तो कृपा करून स्वतःपुरता ठेवू नका. टाइप करताना अध्याय आणि वचनाची खूण चुकता कामा नये. हिब्रू मलाखीचे तीन अध्याय, आपल्याकडे चार. हा फरक नोंदला नाही तर शेजारी उघडलेली वचने जुळत नाहीत. इथे इस्रायलमधल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली बंधुभगिनींची मदत मोलाची ठरेल. हिब्रू आणि मराठी दोन्ही येणारी माणसे आणखी कुठे शोधायची?

प्रकाशकांना आणि मंडळ्यांच्या विश्वस्तांना विनंती आहे, की ज्या अभ्यासग्रंथांचे हक्क तुमच्याकडे आहेत आणि जे वर्षानुवर्षे छापले गेलेले नाहीत, त्यांना खुला परवाना द्या. बायबलचे मराठी इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन हे भाषांतर २०१९ साली अशाच परवान्यावर मिळाले. मग टीकाग्रंथांनी का मागे राहावे?

पुणे-मुंबईत आणि परदेशात काम करणाऱ्या मराठी प्रोग्रामरांनी शोधाकडे लक्ष द्यावे. अनुस्वार वेगळा लिहिला गेला तरी वचन सापडले पाहिजे, स्वस्त फोनवर जोडाक्षरे तुटता कामा नयेत. कोड गिटहबवर खुला आहे.

तरुण संघांनी येत्या रविवारी उपासनेनंतर ॲप आपापल्या फोनवर उतरवून पाहावे. कुठे अक्षर तुटले, कुठे वाक्य इंग्रजीत राहिले ते फोनच्या मॉडेलसह लिहून घ्यावे आणि त्याच आठवड्यात प्रकल्पाकडे कळवावे.